धन्याचं नाव

हे लिहिणारच नव्हतो, लोक हसतील म्हणून.

परळच्या हॉस्पिटलात दुर्बीण घालून तपासताना आमच्या चाळीतल्या गौतमच्या आतड्याला भोक पडलं. डॉक्टरांनी ते लगेच आतूनच क्लिप लावून बंद केलं. म्हणाले, "आता पाण्याचा थेंबही नाही. पोट फुगलं तर ऑपरेशन. गॅस सुटला तर समजा, आतडं चालू झालं."

आमचा तिसरा दोस्त धनेश त्याच्या उशाशी बसून राहिला. चाळीत कॅरम खेळताना वास आला की गौतम कायम त्याचंच नाव घ्यायचा.

परवा सकाळी चादरीखालून बारीक आवाज आला. गौतम सवयीने पुटपुटला, "धन्या, तू ना?"

"सिस्टर, ह्याने सोडला!" धनेश रडत ओरडला. मग गौतमचा हात धरून म्हणाला, "आजचा तेवढा तुझा रे. ह्यापुढचे सगळे माझ्या नावावर. शब्द देतो."