पहिल्या फ्लॅशला

पहिला फ्लॅश उडाला आणि स्क्रीनवर मॉडेलच्या डोळ्यांखाली दोन पांढरे डाग उमटले. तिसरा नाकाच्या शेंड्यावर.

छायाचित्रकाराने कॅमेरा खाली घेतला. "ताई, हिला काय पिठाच्या गिरणीत झोपवलं होतं?"

कुणी हसलं नाही. मेकअप करणारी ताई लगबगीने स्क्रीनपाशी आली. चूक कुठे झाली हे तिला कुणी सांगायला नको होतं. नवी पावडर. काही पावडरी अशाच दगाबाज असतात. आरशासमोरच्या दिव्यांत चेहरा कसा नितळ दिसतो, आणि फ्लॅश पडला की सगळा उजेड परत कॅमेऱ्याच्या तोंडावर फेकतात. म्हणून नवी डबी आणली की आधी स्वतःच्या गालाला लावायची, खोलीत अंधार करून मोबाइलच्या फ्लॅशने फोटो काढायचा, मगच ती पेटीत ठेवायची. हा नियम तिने स्वतः कितीतरी जणींना शिकवला होता.

पण सासूबाईंच्या आजारपणात तिचे ब्रश सात वर्षं पेटीत पडून होते. परवा या मासिकाचं बोलावणं आलं तेव्हा तिच्यापेक्षा नवऱ्यालाच जास्त आनंद झाला. तीन दुकानं पालथी घालून त्याने ही डबी आणली, "सगळ्यात भारी द्या म्हटलं," असं सांगत तिच्या हातावर ठेवली. त्याचं कौतुक फ्लॅशखाली तपासून घ्यावं असं काही तिच्या मनात आलं नाही.

संपादिका स्क्रीनपाशी येऊन उभी राहिली. मुखपृष्ठाचं काम होतं. "आजचा दिवस बघू, मग पुढचं ठरवू," असं तिने ताईला फोनवरच रोखठोक सांगून ठेवलं होतं.

"हे कसं झालं?"

ताई तोंड उघडणार इतक्यात मॉडेलच बोलली.

"माझंच चुकलं, मॅडम. मघाशी घाम आल्यासारखं वाटलं, म्हणून माझ्या डबीतली जराशी फिरवली."

"दहा वर्षं काम करतेस आणि एवढं कळू नये? इतकी माणसं खोळंबली तुझ्यापायी."

"सॉरी, मॅडम." शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून ती उभी राहिली.

ताई बघतच राहिली. ती मुलगी खुर्चीतून उठून थेट कॅमेऱ्यापुढे गेली होती. मध्ये कुठली डबी आणि कुठला घाम.

दोघी पुन्हा आरशासमोर आल्या. डोळ्यांखालचं सगळं काढून नव्याने करायचं होतं. ताईने ओला कापूस हातात घेतला.

"का केलंत असं?"

"वर बघू की खाली?" मॉडेलने विचारलं.

"वर." ताईने नाक ओढलं. "तुमचे उपकार मी कसे..."

"ताई, आधी माझे डोळे करा. तुमचे पुसत बसलात तर मॅडम मलाच पुन्हा झापतील."

ताईला रडता रडता हसू आलं. सात वर्षं ती दुसऱ्यांचं करत आली होती. आज एका परक्या पोरीने न मागता तिचं केलं. आयुष्यात इतकं ऋणी तिला कधी वाटलं नव्हतं, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. या वेळी तिने पेटीच्या तळाशी पडलेली जुनी पावडर काढली आणि आधी मोबाइलवर फोटो घेऊन बघितला. डाग नव्हते. मग कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला आणि छायाचित्रकार म्हणाला, "हां, आता कसं."

काम सुरळीत चाललं. ताईच्या मनाला मात्र चैन पडेना. शिव्या त्या पोरीने खायच्या आणि आपण शहाजोगासारखं ब्रश धूत बसायचं, हे काही तिच्या घशाखाली उतरेना. जेवणाच्या सुट्टीत संपादिका बाहेर खिडकीपाशी चहा घेत उभी होती. गेलं तर गेलं काम, असं म्हणत ताई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, ती पावडर माझी होती. तिने हातसुद्धा लावला नाही."

संपादिकेने चहावर फुंकर घातली. "माहीत आहे मला."

"म्हणजे?"

"तिच्या पर्समध्ये पावडर नसतेच. किल्ल्या असतात आणि खोकल्याच्या गोळ्या. आजवर नऊ वेळा आली ती माझ्याकडे. त्यात चारदा कुणा ना कुणाचा मेकअप बिघडला, आणि चारही वेळा म्हणे तिनेच पावडर लावलेली होती. आज पाचवी खेप."

"मग तुम्ही तिला एवढं बोललात ते?"

"नाही बोलले तर तिला कळेल ना, की मला कळतं." संपादिकेने उरलेला चहा संपवला. "सोमवारी साडेसातला या. आणि हे तिच्या कानावर घालू नका. ती गप्प बसायला लागली, तर तुमच्यासारख्या बायांना मला घरी पाठवावं लागेल."