आधी काळीज बघायचं

"आजही माझ्या फाटकाला ससा होता," झुनिल्दा म्हणाली आणि पोत्यातून काढून तो तिनं फिदेलिनोच्या टेबलावर ठेवला. "माणसानं निदान हाक तरी मारावी."

फिदेलिनोनं किटलीकडे पाहिलं. ससे त्यानं लटकवलेच नव्हते.

तीन वर्षांपूर्वी कोल्ह्यांनी त्याची करडं पळवायला सुरुवात केली, तेव्हा त्यानं डोंगरावर विषाचं मांस टाकलं होतं. झुनिल्दाचा मोरो कुंपण ओलांडून गेला आणि ते खाऊन मेला. विधवा बाई, शंभरेक शेळ्या, आणि असा कुत्रा पुन्हा मिळायचा नाही. ती भांडायला आली नाही. फिदेलिनो माफी मागायला गेला नाही. म्हणजे गेला बऱ्याचदा, पण तिच्या फाटकापर्यंतच. तिथून पाय मागे फिरायचे.

मग या हिवाळ्यात ती आपणहून दारात उभी राहिली.

"फाटकाला ससा होता, शेजारी. मोरोच्या बदल्यात असणार, असं मी धरून चालते."

झुनिल्दा खोटं बोलत नाही, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक. ससा माझा नाही, हे सांगायला फिदेलिनोनं तोंड उघडलं. तोंडातून निघालं, "बसा."

"बसते. पण आधी सांगा, हा कच्चा घालायचा कसा? माझी नवी कुत्री, चिस्पा, अजून लहान आहे. आणि कुत्र्याच्या तोंडात काही घालायचं म्हटलं की मला मोरो आठवतो."

ते ऐकून फिदेलिनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं रबरी हातमोजे आणले, एक जोड तिला दिला. सशाची मान चाचपली. तारेच्या फासाचा वळ होता.

"छर्‍याचा नाही, हे बरं. शिसं पोटात जायला नको. पोट फाडा, आणि आधी काळीज बघायचं."

तिनं सुरी नेमकी लावली. हात सराईत होता.

"पांढरे ठिपके दिसले, की अख्खा ससा जाळायचा. पाण्याच्या फोडासारख्या गाठी आतड्यापाशी असतात, त्यासुद्धा बघायच्या. आतडी खोल पुरायची, कुत्र्यानं उकरता कामा नये. मांस तीन आठवडे गोठवायचं. हाडं कच्चीच द्यायची, शिजवली की त्यांचे काटे होतात. आणि जंताची गोळी चुकवायची नाही."

"काळीज साफ आहे," झुनिल्दा म्हणाली. "पण गोठवू कुठे? माझ्याकडे दिवा लागतो तेच नशीब."

फ्रीझर फिदेलिनोकडे होता. म्हणजे ससा ठेवायला यायचं, आणि जुना न्यायलाही यायचं. ती यायला लागली. येताना तोर्ता, म्हणजे तळलेल्या जाड पुऱ्या, आणायची, फिदेलिनो येर्बाचा कडू चहा करायचा. तो रोज दाढी करायला लागला. चिस्पाच्या अंगावर तकाकी आली, ती शेळ्या वळवायला लागली, आणि तिचं कौतुक करण्यात दोघांची अर्धी दुपार जायची.

एकदा काळजावर ठिपके निघाले. फिदेलिनोनं ससा अंगणात जाळला. झुनिल्दा धूर बघत उभी होती.

"बरं झालं तुम्हाला दाखवला," ती म्हणाली. तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"हे काय?"

"तार लागली. सारखं काही ना काही असतंच."

फिदेलिनोला हे सुख पचत नव्हतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होता ना! आणि पीठ कुणाचं, हेही त्यानं ओळखलं होतं. खालच्या वस्तीतला बाउदिलिओ. फास लावण्यात पटाईत, वर विधुर. दुकानात भेटला तर म्हणाला, "काय रे, तुझी शेजारीण अजून एकटीच?" हा गडी कधीतरी तोंड उघडणार, आणि झुनिल्दा पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही.

त्या दिवशी ती चहा पिताना म्हणाली, "शेजारी, घशात काही अडकलंय का तुमच्या?"

"मोरो," तो म्हणाला, आणि मग थांबताच येईना. "विष मी टाकलं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं, की कुत्र्याला बांधून ठेवा. नाही सांगितलं. नंतर तोंड दाखवायची लाज वाटली. चुकलो मी, बाई. फार चुकलो."

झुनिल्दानं डोळे पुसले, नाक पुसलं. "एवढं बोलायला तीन वर्षं! शेळीसुद्धा याहून लवकर विते." आणि हसली. फिदेलिनोही हसला, रडतारडता.

पण ससे राहिलेच. माफी खरी मागितली, आता उरलेलंही खरं व्हायला हवं. पहाटे बाउदिलिओला तिच्या फाटकापाशीच गाठायचं, त्याच्यासमोर तिला सगळं सांगायचं आणि पुढं जे होईल ते सोसायचं, असं त्यानं ठरवलं. बाउदिलिओ तिला आवडला तर आवडला.

उजाडता उजाडता तो तिच्या पॉप्लरच्या झाडांमागे जाऊन उभा राहिला. बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बराच वेळ झाला, पाय बधिर झाले.

मग तिच्या घराचं दार उघडलं. चिस्पाला आत ढकलून झुनिल्दा एकटीच बाहेर आली, मागच्या झुडपांत वाकली आणि तारेच्या फासातून एक ससा सोडवून घेतला. तो घेऊन ती चालत फाटकापर्यंत आली, आपल्या हातानं तो फाटकाला लटकवला, दोन पावलं मागे सरून नीट लटकलाय ना ते पाहिलं, आणि तोर्ता तळायला घरात गेली.