वेलिकाच्या मयताचा कागद

“मेलं कोण?” छापखान्यातल्या गेंचोने चष्मा पुसत विचारलं.

“मी,” वेलिका म्हणाली आणि पासपोर्टचा जुना फोटो तिने टेबलावर आपटला.

गेंचोने छातीवर क्रूस काढला. “मावशी, मयताचे कागद छापून पोट भरतो म्हणून काय काहीही छापू?”

“छाप रे. काळी चौकट, वर क्रूस, सगळं रीतसर. आणि खाली टाक: बेकरीशेजारच्या रिकाम्या घराच्या वळचणीखाली बर्फ डोक्यात पडून गेली.”

“कधी गेलीस?”

“अजून गेले नाही, म्हणूनच घाई आहे.”

घाई खरीच होती. बर्फ साचल्यापासून तिला धड झोप नव्हती. तिच्या खिडकीसमोरच ते घर. मालक दोन भाऊ, एक स्पेनमध्ये, एक जर्मनीत, आणि दोघांत बोलणं नाही. छपरावरचा बर्फ दुपारी वितळायचा, रात्री गोठायचा. वळचणीला बर्फाचे मांडीएवढे जाड सुळे लोंबत होते आणि नेमकी त्यांच्याखाली बेकरीची रांग लागायची. शाळेत जाणारी पोरं, कामावर निघालेल्या बाया, सगळे तिथेच. परवा एक सुळा बाबागाडीपासून हातभर अंतरावर फुटला. बाळाच्या आईने वर बघितलं, एक शिवी हासडली आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. चीज भरलेली बानित्सा भट्टीतून नुकती निघालेली, गरम होती ना!

वेलिकाने पालिकेत फोन लावला होता. एकदा नाही, रोज. उपमहापौर स्तानिमिर लहानपणी तिच्याच स्वयंपाकघरात मुरंबा चाटत वाढलेला.

“मावशी, खासगी मालमत्ता आहे. मालकाची सही लागते.”

“आणि डोकं फुटायला? त्याला कुणाची सही लागते?”

त्याने माणूस पाठवून लाल-पांढरी पट्टी बांधली. वाऱ्याने ती दुपारीच तोडली. मग पालिकेचा सुरक्षिततेचा कागद लागला. नागरिकांनी चालताना खाली बघावे, म्हणजे घसरणार नाहीत. नागरिकांनी चालताना वर बघावे, म्हणजे इजा होणार नाही. म्हणजे मेलात तर तुम्हीच नीट बघितलं नाही. पालिका मोकळी.

तो कागद कुणी वाचलाही नाही. या शहरात लोक थांबून एकच कागद वाचतात, मयताचा. दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर चिकटलेला. कोण गेलं, कधी पुरणार, कुणाचे चाळीस दिवस झाले, कुणाचं वर्ष भरलं. जिवंत माणूस कोकलून कोकलून थकला तरी इथे कुणी ढुंकून बघत नाही. तोच मेला की सगळा गाव थांबून त्याला वाचतो.

वेलिकाने कागद त्या घराच्या बंद दारावर चिकटवला. चारी कोपरे नीट दाबले. घरी आली, कॉफी चढवली, खिडकीशी उभी राहिली.



लोक वाचत होते. रोज सटकन पुढे जाणारी माणसं आज थांबत होती. आधी एक म्हातारा, मग दोघी, मग रांगेतलेही सरकून आले. पिशव्या खाली ठेवल्या, टोप्या काढल्या आणि बारीक अक्षरं वाचायला सगळे वाकले. तिनेच जमवलं होतं त्यांना, सुळ्यांच्या बरोबर खाली. दक्षिणेचा गरम वारा सुटला होता. वळचण टपटप गळत होती.

सगळ्यांच्या पुढे स्तानिमिर. उघडं डोकं, हातात दोन कार्नेशनची फुलं. जिवंत माणसाला एक द्यायचं नाहीतर तीन, दोन मेलेल्याला. जन्मात पहिल्यांदा तो तिच्यासाठी वेळेवर आला होता.

क्षणभर तिच्या मनात आलं: असू दे उभा.

दुसऱ्या क्षणी ती घरातल्या सपाता घालून जिना उतरत होती. कॉफी उतू गेली. रस्त्यावर दोनदा घसरली, तरी ओरडतच राहिली. “हलताय का नाही, मेल्यांनो! वर बघा, वर!”

वर कुणीच बघितलं नाही. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. कागदावर वेलिका आणि केस मोकळे सोडून अंगावर धावून येणारीही वेलिका! एक बाई किंचाळली. म्हातारा काठी टाकून पळाला. बघता बघता फुटपाथ रिकामा झाला. उरला एकटा स्तानिमिर, तोंड उघडं टाकून. तिने त्याची कॉलर धरली आणि पोत्यासारखं त्याला रस्त्यावर ओढलं.

मागे भिंत कोसळावी तसा आवाज झाला. दाराची फळी फुटली. कागद बर्फाखाली गेला.

स्तानिमिर रस्त्यातच बसून होता. “मावशी... तू जिवंत आहेस?”

“माझं राहू दे. तू आहेस, लायकी नसताना.” तिने त्याच्या मुठीतलं एक फूल ओढून घेतलं. “आता बरोबर झालं. धर ते एक.”

मग तिने मान वर केली. पोस्टाच्या वळचणीला तसेच सुळे. दवाखान्याच्याही. लांब उभे राहिलेले लोकही आता वर बघत होते, आणि दारात उभा राहून बघणारा गेंचो छापखान्यात आत पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शहरात आणखी सात-आठ जण मेले होते. कुणी पोस्टाच्या वळचणीखाली, कुणी दवाखान्याच्या. सगळ्यांचे कागद धोक्याच्या छपरांसमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला लागले होते. आणि बेकरीची रांगही आता पलीकडेच लागली होती, तिच्यात ते सगळे मेलेले, तोंडातून वाफा काढत, गरम बानित्सा खात उभे होते.