नावाचं शेवटचं अक्षर

“गीवेदा,” बाबा खिडकीकडे बोट दाखवत म्हणाले. लोरेनने खिडकी घट्ट लावली आणि त्यांच्या पायांवर आणखी एक पांघरूण टाकलं.

“हो बाबा, गीवेदिन. तेच तुमचं नाव.”

पक्षाघातात बाबांचं इंग्रजी गेलं ते परत आलंच नाही. उरली ती लहानपणची ओजिब्वे, त्यांच्या आदिवासी जमातीची भाषा, आणि ती लोरेनला येत नव्हती. मिशनऱ्यांच्या शाळेत त्या भाषेपायी बाबांनी मार खाल्ला होता. लेकीच्या कानावर त्यांनी त्या भाषेचा एक शब्दही पडू दिला नाही. नावाचा अर्थ तेवढा तिला ठाऊक होता. उत्तरेचा वारा. तोच तिने पलंगाच्या वर लिहून लावला होता. वृद्धाश्रमातल्या नर्सना त्याची भारी गंमत. “काय वारेराव, आज कुठली दिशा?” म्हणत त्या त्यांना खुर्चीला पट्ट्याने बांधायच्या, पडू नयेत म्हणून. बाबा पट्टा ओढायचे आणि नाव सांगायचे. शेवटचं अक्षर काही जिभेला पेलत नसे. निदान स्वतःचं नाव तरी विसरले नाहीत, यावर लोरेन समाधान मानायची.

त्या रविवारी फिलोमेन आत्या आली. तळ्याकाठच्या गावाहून, दिवसभर बसमध्ये बसून, धुरी दिलेला मासा घेऊन. तिने भावाला एक घास भरवला. तो गिळून बाबा म्हणाले, “गीवेदा.”

“बघ, तुलाही नाव सांगतायत,” लोरेन कौतुकाने म्हणाली. “उत्तरेचा वारा.”

“ते पाद्र्याचं भाषांतर,” आत्या फणकारली. “आपल्यात गीवेदिन म्हणजे घरी परतणारा वारा. आणि नाव कुठं सांगतोय तो?” दुसरा घास तिच्या हातातच राहिला. “कधीपासून म्हणतोय असं?”

“इथं आणलं तेव्हापासून. रोजच. का गं?”

“घरी जायचं म्हणतोय तो.”

लोरेन बाबांच्या खुर्चीजवळ सरकली. रोज ती त्यांना “हो बाबा” म्हणाली होती, आणि रोज निघून गेली होती. तिने वाकून पट्टा सोडला.

“आत्या, सांग ना त्यांना. म्हणावं, मी नेते तुम्हाला घरी.”

आत्याने नकारार्थी मान हलवली. “स्वतःपुरतं मागायचं तर आपल्यात शब्द वेगळा आहे, पोरी. ‘गीवेदा’ हा एकट्याचा नाही. ‘चल, आपण घरी जाऊ.’ तो कधीचा तुला न्यायला बघतोय.”