जो उघडेल त्याला

“बत्तीसशेची रॅम आहे म्हणे ही. आणि चालते सव्वीसशेनं. बघा तुम्हीच.” लोकांच्या फोटोंचे अल्बम करून देणाऱ्या बाईनं सीपीयूचा डबा दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर ठेवला आणि दम घेतला.

हे आकडे तिचे नव्हते, तिच्या भावाचे होते. भाऊ ऑफिसातल्या कुणाकडून रॅमचा वेग कसा बघायचा ते शिकून आला होता आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला होता. काल घरी येऊन, दोन बटणं दाबून त्यानं निकालच देऊन टाकला, की तुझ्या लेकानं तुला शेंडी लावली, खोक्यावर एक आणि आत भलतंच, जाता जाता कसलं तरी जुनंपानं कोंबून गेला. ती त्याच्यावर खेकसली खरी, पण ते रुतून बसलं. लेक दूर नोकरीला जाऊन चार वर्षं झाली होती. फोनवर दर वेळी “येतो, बघू” म्हणायचा. ज्याचं येणं असं लांबत जातं त्याच्याबद्दल कुणी काहीही बोललं तरी घटकाभर खरं वाटतं, आणि मग आपलीच आपल्याला लाज वाटते.

दुरुस्तीवाला हसला. म्हणाला, ताई, यात फसवाफसवी काही नाही. रॅम पूर्ण वेगानं आपणहून पळत नाही, तिला आत जाऊन सांगावं लागतं. दहातल्या नऊ जणांना ते माहीतच नसतं, तुमच्या मुलालाही नसेल. त्यानं कॉम्प्युटर सुरू होता होता एक बटण दाबलं, सेटिंगमध्ये शिरला, एक ओळ बदलली. स्क्रीनवर बत्तीसशे आले.

तिला बरं वाटलं, आणि वाटलंही नाही. हा कॉम्प्युटर जुळवताना पोरगं आठवडाभर फरशीवर मांडी ठोकून बसलं होतं. जेवायला हाक मारली की “दोन मिनिटं,” आणि ती दोन मिनिटं तासाची. त्याला एवढं माहीत नसेल?

खात्री करायला तिनं तिथंच एक अल्बम उघडला. कुणाच्या तरी घरच्या चार पिढ्या, दोनशे फोटो. पानं झरझर आली. तिसाव्या पानावर स्क्रीन गोठली, मग निळी झाली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुरुस्तीवाल्याचं हसू मावळलं. आता उघडावंच लागेल म्हणाला आणि त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला.

बाजूचं झाकण निघालं. ते ठेवता ठेवता त्याचा हात थांबला. आतल्या अंगाला काळ्या मार्करनं काहीतरी लिहिलं होतं. तो मोठ्यानं वाचायला लागला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला.

“जो उघडेल त्याला. रॅमचा वेग मीच कमी ठेवला आहे. तीन दिवस तपासलं. बत्तीसशेवर मशीन मध्येच अडकतं आणि आईचं केलेलं काम जातं. ती कुणाला सांगत नाही, पुन्हा पहिल्यापासून करत बसते. वाढवू नका. मी आलो की बघतो.”

बाई पुढे आली. ‘आई’मधल्या ईची शेपटी तो लहानपणापासून अशीच ओढायचा. तिनं किती वेळा खोडून पुन्हा लिहायला लावली होती. चार वर्षं ती याच डब्याला गुडघा टेकवून कामाला बसत होती. भावाला आत्ता इथं उभं करावं असं तिला वाटलं. त्याहून जास्त, लेकाला उभं करावंसं वाटलं.

दुरुस्तीवाला ओशाळला होता. त्यानं वेग पुन्हा सव्वीसशेवर आणला. अल्बम हळूहळू का होईना, शेवटच्या पानापर्यंत गेला. मग तो म्हणाला, पोराचं बरोबर आहे, रॅमच्या दोन पट्ट्यांतली एक कच्ची दिसते. नवी जोडी आहे माझ्याकडे, पाच मिनिटांत बसवतो, मग पळवा बिनधास्त.

“नको,” ती म्हणाली. “तो बघणार आहे.”

धूळ पुसायला त्यानं फडकं उचललं, तेव्हा तिनं झाकण आपल्याकडे ओढून घेतलं आणि आपल्या रुमालानं, अक्षरं सोडून, नुसत्या कडा पुसल्या. मग त्यानं झाकण बसवलं आणि स्क्रू पिळायला घेतले. एक झाला, दुसरा झाला.

“दादा, फार आवळू नका,” ती म्हणाली. “त्याला उघडायचंय.”