गाडीखाली

रामनाथने मागचं चाक काढून भिंतीला टेकवलं, लँडमास्टर जॅकवर आणखी थोडी उचलली आणि पाना घेऊन तो खाली सरकला. ब्रेकचे लायनर त्याने स्वतःच्या हाताने जन्मात बदलले नव्हते. ते पार झिजलेत, गाडी बाहेर काढू नका, असं पालघरच्या मिस्त्रीने बजावलं होतं. रामनाथने ते मनावर घेतलं नव्हतं. आता त्या मिस्त्रीला तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

मागच्या आठवड्यात बोईसरच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि तो लागलाच नाही. समोर डोक्यावर मोळी घेतलेली एक पोर होती. आवाज झाला. गाडी बरीच पुढे जाऊन थांबली. रामनाथने आरशात पाहिलं आणि तो तसाच निघून आला.

पोरीचं नाव नवसी, हे त्याला नंतर कळलं. तिचा बाप चिंतू तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर दगड उचलायचा. काल वाडीवरच्या गड्याने सांगितलं, "शेट, तो चिंतू आपल्या माहीमच्या बाजारात तुमचं घर इचारत व्हता. कोयता व्हता हातात."

रामनाथने बायकोला लगेच एसटीने माहेरी, घिवलीला धाडलं. गाडी चालती झाली की तोही मुंबईला भावाकडे निघणार होता. पण ब्रेकशिवाय वाटेवरची वाघोबाची खिंड उतरायची त्याची छाती नव्हती.

ब्रेकच्या नळीचा नट घट्ट बसला होता. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. एकदा, पुन्हा एकदा.

"शेट हाय का घरात?"

रामनाथचा हात थांबला. अंगणात दोन अनवाणी पाय उभे होते. सिमेंटने पांढरे पडलेले. शेजारी कोयत्याचं टोक लोंबत होतं.

पाय गाडीच्या मागच्या बाजूला आले.

"खाली हायेस ना शेट? मी चिंतू. नवसीचा बापूस."

"कशी आहे ती?" रामनाथने कसंबसं विचारलं.

"पडून हाय. पाय मोडलाय."

"चिंतू, मी येणारच होतो तुझ्याकडे."

अचानक डोक्यावरचं लोखंड कुरकुरलं. कोयता खण्‌कन जमिनीवर पडला, आणि गाडीला मागून धक्का बसला. चिंतू गाडी ढकलत होता.

"काय करतोस?"

"भायेर ये."

आवाज बदलला होता. दातांतून आल्यासारखा. चिंतूने आता पाठ फिरवली होती. रामनाथला त्याच्या फक्त टाचा दिसत होत्या. रस्त्यावर कोणी येतंय का ते बघत असावा.

"चिंतू, ऐक. नवसीला मी मुंबईच्या डॉक्टरकडे नेतो. मी स्वतः नेतो."

"मागून बोल. आदी भायेर ये."

"कोयता लांब टाक."

एक टाच उचलली गेली. कोयता सरपटत फणसाखाली गेला. टाच लगेच पुन्हा मातीत रुतली.

"माझ्या अंगाला हात लावणार नाहीस ना?"

"नाय लावत. ये, शेट. आता ये."

त्याचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. इथे पडून राहिलो तर हा मला गाडीखालीच मारील, रामनाथला वाटलं. त्याने पाना मुठीत आवळला. घराचं दार सात-आठ पावलांवर होतं. आडवा आलाच, तर डोक्यात घालायचा आणि पळायचं.

तो कुशीवर वळला, कोपरांनी सरपटत बाजूने बाहेर पडला, उठला आणि पाना उगारून वळला.

जॅक मातीत पार कलंडला होता. चिंतू डिकीला पाठ लावून, मानेच्या शिरा ताणून, अख्खी गाडी रेटून उभा होता. रामनाथ पुरता बाहेर आलेला पाहून त्याने बाजूला उडी मारली, आणि रामनाथ जिथे पडला होता तिथे गाडी धाडकन खाली आली.