बेण्याचे कोंब

शहाऐंशी साली मोहन्याला, गावच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत, मी लावणीसाठी बटाट्याचं बेणं पाट्यांमध्ये पसरून ठेवलं होतं. दिवाळी झाली की नदीकाठच्या तुकड्यात लावायचं. कोंब नेहमी खिडकीकडे, उजेडाकडे झुकतात. हे सगळे मागच्या भिंतीकडे झुकले होते. त्या भिंतीला साधा झरोकाही नव्हता, आणि पलीकडे नुसतं गवत.

"पाट्या फिरवा की हो," माझी बायको मंजुळा म्हणाली. बेण्यातलं तिला माझ्याहून जास्त कळतं. सकाळी फिरवल्या. जेवून येतो तर कोंब पुन्हा भिंतीकडेच.

माझं डोकं फिरलं. खिडकीला पोतं ठोकलं आणि म्हटलं, आता बघू कुठे वळतात ते. भर दुपारी खोलीत काळोख झाला. मंजुळा कुजके बटाटे चाचपून वेगळे काढायला आतच राहिली.

तासाभराने हाक मारली. मग मी दार ढकललं.

ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, कोंबांसारखीच पुढे झुकलेली. डोळ्यांवर तिने हात आडवा धरला होता.

"अहो," ती म्हणाली, "केवढं ऊन आलंय!"